दुधाविना शिंपल्यांचे सूप आणि बांधीतले पाणी

‘क्लॅम चाउडर’ हे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील शिंपल्यांचे दाट सूप आता आपल्याकडील उपाहारगृहांतून आणि पाककृतींच्या कार्यक्रमांतून परिचयाचे होऊ लागले आहे. त्याच्या प्रचलित कृतीत दूध आणि साय भरपूर असते. ज्यांना दूध पचत नाही किंवा ज्यांना दुधाची ॲलर्जी आहे, त्यांनी ते घरी कसे करावे, हा प्रश्न साधा आहे आणि त्याचे उत्तरही सोपे आहे. ते उत्तर या लेखात दिले आहे. परंतु कीटकशास्त्राच्या अभ्यासकाला या पदार्थात दुधापेक्षा मोठा प्रश्न दिसतो, तो पाण्याचा. दुधाला पर्याय आहेत, शिंपला ज्या पाण्यात वाढला त्या पाण्याला पर्याय नाही. आणि भातपट्ट्यात त्या पाण्याची गुणवत्ता मोठ्या प्रमाणात आपण देत असलेल्या फवारणीच्या सल्ल्यावर अवलंबून असते. म्हणून पाककृतीचा हा विषय कृषी विस्ताराच्या पत्रिकेत मांडत आहे.

माझे वास्तव्य रायपूरच्या ब्राह्मणपारा या जुन्या वस्तीत आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सैन्य छत्तीसगडात आले, तेव्हापासून येथे मराठी कुटुंबांची ये-जा आहे. १९५६ पर्यंत नागपूर ही या प्रदेशाचीही राजधानी होती. वस्तीच्या जवळच कंकाली तलाव आहे, थोड्या अंतरावर बुढा तलाव आहे. शहराबाहेर पडले की भाताच्या बांध्या आणि त्यांच्या उतारावर गावतलाव, हेच चित्र पूर्वेकडे महानदीपर्यंत आणि पश्चिमेकडे गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत दिसते. समुद्र येथून रेल्वेने पाचशे किलोमीटरांहून दूर आहे. तरीही शिंपला येथे परका नाही. पावसाळ्यात बांध्यांतून व तलावांच्या काठांवरून वेचलेली ‘घोंघी’, म्हणजे गोड्या पाण्यातील गोगलगाय, छत्तीसगडी स्वयंपाकात आवडीने रांधली जाते. काही समाजांत शिंपल्यांचे मांसही खाल्ले जाते. कोकणातील तिसऱ्या आणि येथील घोंघी हे एकाच मृदुकाय प्राणिवर्गाचे नातलग आहेत, आणि दोन्हींना एकच नियम लागू आहे: जसे पाणी, तसे अन्न.

चाउडरमध्ये दूध केव्हा आले

चाउडर म्हणजे दूध घातलेलेच सूप, अशी समजूत आहे. इतिहास तसे सांगत नाही. चाउडरची छापील स्वरूपातील सर्वांत जुनी ज्ञात कृती बॉस्टनच्या एका वृत्तपत्रात १७५१ मध्ये प्रसिद्ध झाली. ती माशांच्या चाउडरची होती. तीत कांदा, खारवलेले डुकराचे मांस, सुगंधी पाला, पाणी, मद्य आणि दाटपणासाठी जहाजावरची कडक बिस्किटे होती; दूध नव्हते, बटाटाही नव्हता. दूध-सायीची प्रथा न्यू इंग्लंडमध्ये पुढच्या शतकात रूढ झाली. आजही ऱ्होड आयलंडमध्ये पाण्यासारख्या नितळ रश्शाचे चाउडर केले जाते आणि न्यूयॉर्ककडे टोमॅटोचे. टोमॅटोचा राग इतका की, १९३९ मध्ये मेन राज्याच्या विधिमंडळात चाउडरमध्ये टोमॅटो घालण्यास बंदी करणारे विधेयक मांडले गेले होते. तात्पर्य, दूध वगळल्याने पदार्थ खोटा ठरत नाही. उलट तो आपल्या मूळ रूपाच्या जवळ जातो.

आपल्या किनाऱ्यावर तर दुधाचा प्रश्नच उद्भवला नाही. मालवणपासून गोव्यापर्यंत तिसऱ्यांचे कालवण आणि एकशिपी नारळाच्या वाटणात होतात. भारतात प्रौढ वयात दुग्धशर्करा नीट न पचणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे, आणि उत्तरेपेक्षा दक्षिणेत ते अधिक आढळते. अशा लोकांसाठी कोकणची ही पद्धत आयते उत्तर आहे.

घरची कृती

खालील प्रमाण चार माणसांसाठी आहे.

साहित्य: कवचांसह तिसऱ्या एक किलो, मध्यम आकाराचे दोन बटाटे, एक कांदा, लसणाच्या चार-पाच पाकळ्या, अर्ध्या नारळाचा रस, घट्ट एक वाटी आणि पातळ दोन वाट्या, तांदळाची घट्ट पेज एक वाटी, खोबरेल तेल एक मोठा चमचा, मिरीपूड, कोथिंबीर आणि हवे असल्यास एक-दोन आमसुले.

पहिले काम निवडीचे. तिसरी जिवंत असावी. कवच उघडे दिसले तर बोटाने टिचकी मारावी; जिवंत प्राणी कवच मिटून घेतो. न मिटणारी तिसरी टाकून द्यावी. फुटक्या कवचाचीही घेऊ नये.

दुसरे काम वाळू काढण्याचे. एक लिटर पाण्यात तीस ते पस्तीस ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण समुद्राइतका खारेपणा, या प्रमाणात पाणी करून तिसऱ्या त्यात दोन-तीन तास झाकून ठेवाव्यात. त्या स्वतःच पाणी आत घेतात, बाहेर टाकतात आणि वाळू तळाशी बसते. गोड्या पाण्यात ठेवल्यास समुद्री तिसरी कवच मिटून घेते किंवा मरते आणि वाळू आतच राहते. बाहेर काढताना त्या हाताने उचलाव्यात. भांडे उपडे केल्यास खाली बसलेली वाळू पुन्हा त्यांच्यावर पडते.

तिसरे काम उकडण्याचे. जाड बुडाच्या पातेल्यात दोन वाट्या पाणी उकळून त्यात तिसऱ्या घालाव्यात व झाकण ठेवावे. कवचे उघडल्यानंतरही आणखी तीन-चार मिनिटे उकळी चालू ठेवावी. शेवटपर्यंत न उघडलेल्या तिसऱ्या काढून टाकाव्यात. खाली राहिलेले पाणी मलमलीच्या कापडातून गाळून जपून ठेवावे. सुपाची सगळी चव त्यात असते. त्यात मीठही असते, म्हणून वेगळे मीठ अगदी शेवटी, चव पाहूनच घालावे.

आता खोबरेल तेलावर कांदा-लसूण रंग न येऊ देता परतावा. बटाट्याच्या बारीक फोडी, गाळलेले पाणी आणि नारळाचा पातळ रस घालून बटाटा मऊ शिजवावा. निम्म्या फोडी पळीने चेचाव्यात आणि तांदळाची पेज मिसळावी. न्यू इंग्लंडच्या कृतीत दाटपणा पिठामुळे आणि सायीमुळे येतो. येथे तो बटाट्याच्या आणि तांदळाच्या स्टार्चमुळे येतो. याच स्टार्चमुळे पुढे घालायचा नारळाचा घट्ट रस फुटण्यापासून बराचसा वाचतो. तो रस आणि तिसऱ्यांचे मांस शेवटी घालून मंद आचेवर सूप केवळ गरम करावे, खळखळून उकळू नये. नारळाच्या रसातील प्रथिने जास्त उष्णतेने गोठतात व तेल वेगळे होते. आंबटपणानेही रस फुटतो, म्हणून आमसूल पातेले खाली उतरवल्यावर टाकावे. मिरीपूड व कोथिंबीर घालून गरम वाढावे.

ॲलर्जीविषयी दोन सूचना आवश्यक आहेत. दुग्धशर्करा न पचणे आणि दुधाची ॲलर्जी या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात थोडे दूध पोटात गेले तर पोट बिघडते. दुसऱ्यात अंशमात्र दूधही धोक्याचे ठरू शकते. म्हणून ॲलर्जी असलेल्या व्यक्तीसाठी डबाबंद नारळरस वापरताना त्यात दुधातील केसीन मिसळलेले नाही ना, हे वेष्टनावर वाचावे. दुसरी सूचना माझ्या विषयाच्या जवळची आहे. कोळंबी, शिंपले, झुरळे आणि घरातील धुळीतले सूक्ष्म कोळीवर्गीय जीव यांच्या स्नायूंत ‘ट्रोपोमायोसिन’ नावाचे परस्परांशी साम्य असलेले प्रथिन असते. त्यामुळे ज्यांना कोळंबीची किंवा धुळीतील या जिवांची ॲलर्जी आहे, त्यांनी शिंपले प्रथमच खाताना सावध राहावे. दुधाविना केलेला पदार्थ सर्वांनाच निर्धोक असतो असे नाही.

शिंपला पाणी गाळतो

येथपर्यंतची काळजी स्वयंपाकघरात घेता येते. यापुढची घेता येत नाही.

शिंपला हा स्थिर बसून पाणी गाळणारा प्राणी आहे. गोड्या पाण्यातील एक प्रौढ शिंपला दिवसभरात कित्येक लिटर पाणी आपल्या कल्ल्यांतून काढतो, त्यातील शेवाळ व सेंद्रिय कण खातो आणि उरलेला गाळ तळाशी टाकतो. तलाव नितळ राहण्यात त्याचा मोठा वाटा असतो. परंतु पाण्यासोबत जे येते ते सर्व त्याच्या शरीरातून जाते: रोगजंतू, शिसे व कॅडमियम यांसारखे जड धातू, तेल आणि कीडनाशकांचे अवशेष. यांपैकी काही पदार्थ त्याच्या मांसात साठतात. शिंपले स्वच्छ पाण्यात एक-दोन दिवस ठेवल्यास जंतूंचे प्रमाण घटते. जड धातू मात्र तेवढ्यात निघत नाहीत आणि उकळण्याने नाहीसे होत नाहीत.

याच गुणाचा उपयोग करून अमेरिकेत १९८६ पासून ‘मसल वॉच’ हा कार्यक्रम चालवला जातो. किनाऱ्यावरील ठरावीक जागांचे शिंपले गोळा करून त्यांच्या मांसात कोणती रसायने आहेत ते तपासले जाते. पाण्याचा नमुना त्या क्षणाचे सांगतो. शिंपल्याचे मांस मागील अनेक आठवड्यांचे सांगते.

येथे विस्तार कार्यकर्त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. अनेक कीटकनाशकांना मासे आणि जलकीटक जितके बळी पडतात, तितके शिंपले व गोगलगायी पडत नाहीत. म्हणूनच ते ती रसायने अंगात घेऊन जिवंत राहू शकतात. तलावात शिंपले जिवंत दिसतात म्हणून पाणी शुद्ध आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्याच वेळी, शिंपला पूर्णतः सुरक्षित आहे असेही नाही. आपल्या तलावांत आढळणाऱ्या ‘लॅमेलिडेन्स’ या शिंपल्याची सूक्ष्म अळी काही काळ माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून परजीवी म्हणून वाढते आणि मग तळाशी उतरते. मासे मेले की काही वर्षांनी शिंपलेही विरळ होतात. भुवनेश्वरजवळील कौशल्यगंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने मोत्यांच्या शेतीचे तंत्र विकसित केले ते याच शिंपल्यावर. मोत्यांच्या शेतीकडे वळू पाहणाऱ्या प्रगतिशील शेतकऱ्यांनाही त्यामुळे हा मुद्दा लागू आहे.

घोंघीचा प्रतीक्षा कालावधी कोणत्या लेबलावर आहे?

प्रत्येक कीडनाशकाच्या लेबलावर शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जावेत, हे पिकानुसार दिलेले असते. भातासाठी तो प्रतीक्षा कालावधी आपण शेतकऱ्याला सांगतो. परंतु ज्या बांधीत फवारणी झाली त्याच बांधीतून, किंवा तिचे पाणी जेथे उतरते त्या तलावातून, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणीतरी घोंघी वेचत असते. बहुधा त्या बाया आणि मुले असतात. बहुधा ती जमीन त्यांची नसते, आणि फवारणी केव्हा झाली हे त्यांना ठाऊक नसते. घोंघीचा हंगाम पावसाळ्याचा, आणि खोडकिडा, पाने गुंडाळणारी अळी व तुडतुडे यांवरील फवारणीचाही तोच. या अन्नासाठी प्रतीक्षा कालावधी कोणत्याही लेबलावर छापलेला नसतो. ते बाजाराच्या वाटेने फारसे जात नसल्यामुळे बाजारातील नमुन्यांवर चालणाऱ्या अवशेष तपासणीतही ते सहसा येत नाही.

माझे म्हणणे असे की, भातपट्ट्यातील घोंघी, शिंपले, खेकडे आणि लहान मासे यांना शेतीचे उत्पन्नच मानले पाहिजे. ते सातबाऱ्यावर नोंदले जात नाही, त्याला आधारभूत किंमत नाही. परंतु ते प्रथिने, लोह आणि ब-१२ जीवनसत्त्व देते, आणि ज्या घरांत दूध परवडत नाही किंवा पचत नाही, तेथे त्याचे मोल अधिक असते. फवारणीची शिफारस देताना या उत्पन्नाचा हिशेब धरला जात नसेल, तर ती शिफारस अपुरी आहे.

धोरणाच्या पातळीवर या दिशेने काही पावले पडली आहेत. एंडोसल्फान हे माशांना अत्यंत विषारी कीटकनाशक २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबले. भातात दाणेदार स्वरूपात सर्रास वापरले जाणारे फोरेट आणि फवारणीतील ट्रायझोफॉस ही दोन्ही २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली. आता जुना साठा कोणी देऊ केला तरी शेतकऱ्याने तो घेऊ नये. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके अजून वापरात आहेत. ती माशांना व जलकीटकांना अत्यल्प मात्रेतही मारक असतात आणि तळाच्या गाळाला चिकटून राहतात. शिंपल्याचे घर त्याच गाळात असते.

शेतकऱ्याचा रास्त प्रश्न

यावर शेतकरी विचारेल, ‘साहेब, तुडतुड्याने बांधी करपली तर घोंघी माझे कर्ज फेडणार आहे का?’ हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक झाला की काही दिवसांत गोलाकार पट्टे करपतात आणि हाती आलेले पीक जाते. अशा वेळी योग्य कीटकनाशक योग्य मात्रेत, चुडाच्या बुंध्यावर मारणे आवश्यकच असते. रसायन वापरूच नये, असे मी म्हणत नाही.

परंतु तुडतुड्यांचा उद्रेक पुष्कळदा आधीच्या अनावश्यक फवारणीतून जन्म घेतो, हे कीटकशास्त्राने अनेक देशांत पडताळलेले सत्य आहे. पायरेथ्रॉइडसारख्या कीटकनाशकांनी कोळी, मिरिड ढेकूण आणि चतुर हे तुडतुड्यांचे शत्रू मरतात आणि तुडतुडे पूर्वीपेक्षा जोमाने वाढतात. इंडोनेशियाने हा अनुभव घेतला. तेथे तुडतुड्यांमुळे भातशेती संकटात आली, तेव्हा नोव्हेंबर १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने ५७ कीटकनाशकांचा भातावरील वापर थांबवला गेला आणि पुढील दोन-तीन वर्षांत कीटकनाशकांवरील अनुदानही बंद झाले. भाताचे उत्पादन त्यामुळे कोसळले नाही. १९८९ पासून तेथे ज्या शेतीशाळा सुरू झाल्या, त्यांचेच रूप आज आपल्या कृषी विभागाच्या शेतीशाळांत दिसते. म्हणजे जे उपाय घोंघीला वाचवतात, त्यांतील बहुतेक शेतकऱ्याचा खर्चही वाचवतात.

दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियाचे. तेथे १९८० च्या दशकाच्या प्रारंभी भातखाचरांतून निचरा होणाऱ्या पाण्यातील तणनाशकांमुळे कालव्यांतील मासे मेले आणि खालच्या शहराच्या पिण्याच्या पाण्याला कडवट चव आली. उपाय साधा निघाला: तणनाशक टाकल्यावर ठरावीक दिवस खाचरातील पाणी बाहेर सोडायचे नाही. पाणी तेथेच थांबले की रसायनाचे विघटन बऱ्याच अंशी खाचरातच होते. जपानमध्येही कीडनाशक वापरल्यानंतर भातखाचराचे पाणी सुमारे सात दिवस रोखून धरण्याची शिफारस आहे. या उपायाला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही. बांध पक्का असावा लागतो आणि बांधीचे तोंड बंद असावे लागते. आपल्या शेतकऱ्याला ही विद्या पिढीजात अवगत आहे.

सल्ल्यात काय बदलावे

कृषी सहायक, कृषी विज्ञान केंद्रांतील सहकारी आणि प्रगतिशील शेतकरी यांच्यापुढे पुढील सूचना ठेवतो.

पहिली, फवारणीचा सल्ला लिहून देताना त्यावर एक ओळ वाढवावी: ‘या बांधीचे पाणी कोठे उतरते?’ तलाव, बोडी, नाला, विहीर, जे असेल त्याचे नाव तेथे यावे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलावांच्या भोवती भात उभा असतो. तेथे ही ओळ सर्वांत आधी हवी. नाव लिहिले की औषधाची निवड आपोआप बदलते. तलावालगतच्या बांधीसाठी पायरेथ्रॉइड सुचवण्यास हात धजावत नाही.

दुसरी, फवारणीनंतर किंवा दाणेदार औषध टाकल्यानंतर किमान सात दिवस बांधीचे तोंड बंद ठेवावे, आणि लेबलावर अधिक मुदत असल्यास ती पाळावी. जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर फवारणी पुढे ढकलावी. पंप आणि डबे तलावात धुऊ नयेत, हे सांगून जुने झाले असले तरी दर हंगामात पुन्हा सांगावे.

तिसरी, आर्थिक नुकसानीची पातळी पाहिल्याशिवाय औषध सुचवू नये. खोडकिड्यासाठी पाच टक्के गाभेमर किंवा चौरस मीटरला एक अंडीपुंज, तुडतुड्यांसाठी प्रत्येक चुडात सुमारे दहा, ही मोजणी शेतात उतरूनच होते. त्याआधीचे उपाय आपल्याला माहीत आहेत: रोपांचे शेंडे खुडून लावणी करणे, ट्रायकोग्रामा जापोनिकमची पन्नास हजार अंडी प्रति हेक्टरी दर आठवड्याला तीन-चार वेळा सोडणे, कामगंध सापळे, नत्राचा आवर आणि दर दोन-तीन मीटरनंतर तीस सेंटिमीटरचा मोकळा पट्टा. गादमाशीच्या भागात प्रतिकारक जात हाच खरा उपाय. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाची ‘महामाया’ याच गुणामुळे शेतकऱ्यांनी स्वीकारली.

चौथी, सुरळीतील अळीसाठी पाण्यात रॉकेल टाकून पिकावरून दोर फिरवण्याची जुनी शिफारस आहे. दोर फिरवणे उत्तम आहे, रॉकेल मात्र सोडावे. त्याचा तवंग पाण्यातील इतर जीवही मारतो. दोराने सुरळ्या पाण्यात पाडाव्यात, पाणी सोडताना तोंडाशी बारीक जाळी लावावी आणि जाळीत अडकलेल्या सुरळ्या नष्ट कराव्यात.

पाचवी, ज्या बांधीत फवारणी झाली तेथे बांधावर एक खूण लावावी. काठीला बांधलेली लाल चिंधी पुरेशी आहे. तिचा अर्थ गावात सर्वांना, विशेषतः वेचणाऱ्या बायकांना आणि शाळेतील मुलांना सांगावा: चिंधी दिसली तर येथून घोंघी, खेकडा, भाजी काही घेऊ नये. बचत गटाच्या बैठकीत पाच मिनिटांत ही माहिती देता येते.

सहावी सूचना संशोधन संस्थांसाठी, म्हणजे आपल्यासाठीच. भातपट्ट्यातील निवडक तलावांतून हंगामाआधी आणि हंगामानंतर शिंपल्यांचे नमुने घेऊन अवशेष तपासावेत. त्यातून निघालेले निष्कर्ष गावाला समजतील अशा भाषेत परत द्यावेत. असे झाले तर घोंघीसाठी सुरक्षित दिवस किती, याचे उत्तर आपल्याला अंदाजाऐवजी आकड्यांत देता येईल.

शिंपल्यांना उत्पन्न मानल्यावर काय घडते, हे केरळमधील अष्टमुडी सरोवराने दाखवले आहे. तेथील मच्छीमारांनी शिंपल्यांच्या प्रजननकाळात, डिसेंबर ते फेब्रुवारी, वेचणी बंद ठेवली आणि लहान शिंपले न काढण्याचा नियम पाळला. २०१४ मध्ये या मासेमारीला शाश्वततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले; असा मान मिळवणारी ती भारतातील पहिली. समुद्रकाठच्या या उदाहरणापासून तलावकाठच्या गावांनी पुष्कळ घेण्यासारखे आहे.

समुद्रापासून दूर असलेल्या घरांसाठी

रायपूर, गोंदिया किंवा गडचिरोलीत ताज्या तिसऱ्यांची खात्री देता येत नाही. गोठवलेले मांस मिळाल्यास ते शीतकपाटातच वितळवावे व पूर्ण शिजवावे. गावातील घोंघी वापरायची असेल तर ती शहरी सांडपाण्याच्या किंवा कारखान्याच्या पाण्यातील नसावी, अलीकडे फवारणी झालेल्या बांधीतील नसावी, आणि ती दीर्घकाळ खळखळून उकळावी. गोड्या पाण्यातील गोगलगायींत परजीवी कृमींच्या अळ्या असू शकतात.

तिसरा मार्ग धिंगरी अळिंबीचा. इंग्रजीत या अळिंबीचे नावच कालवावरून पडले आहे, आणि तिचा चिवट-मऊ पोत शिंपल्याची आठवण देतो. वरील कृतीत तिसऱ्यांच्या जागी पाव किलो धिंगरी बारीक चिरून तेलावर परतून घालावी. गाळलेल्या पाण्याऐवजी अळिंबीचेच शिजवलेले पाणी वापरावे. धिंगरी भाताच्या पेंढ्यावर घरच्या घरी उगवते, म्हणून भातउत्पादकाला ती स्वस्त पडते. मात्र येथेही तोच नियम लागू होतो. ज्या भातावर शेवटच्या टप्प्यात फवारणी झाली त्याचा पेंढा अळिंबीसाठी घेऊ नये. पेंढा निर्जंतुक करण्यासाठी कार्बेन्डाझिम आणि फॉर्मेलिनच्या द्रावणाची शिफारस प्रचलित असली, तरी घरी खाण्यासाठी गरम पाण्याची प्रक्रियाच पत्करावी.

दूध न घातलेल्या सुपाची ही चर्चा शेवटी शेतात येऊन थांबते. तांदळाची पेज, बटाटा, नारळ, अळिंबी आणि शिंपला यांपैकी प्रत्येक घटक कोणाच्या तरी शेतातून किंवा पाण्यातून येतो, आणि त्याची शुद्धता चुलीपाशी ठरत नाही. खरिपाच्या सल्लापत्रिका आता तयार होतील. त्यांत ‘बांधीचे पाणी कोठे उतरते’ ही एक ओळ यावी, एवढी विनंती सर्व सहकाऱ्यांना आहे. ती छापण्यासाठी वेगळा निधी लागणार नाही.